चिठ्ठी दप्तरातच राहते

शाळेत डॉक्टर येऊन गेले की त्या दिवशी घरी निघालेल्या दहा-बारा मुलांच्या हातात एकेक चिठ्ठी असते. ‘दृष्टी कमी, नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.’ ‘उजवा कान वाहतो.’ ‘हिमोग्लोबिन कमी.’ चिठ्ठी दप्तरात जाते, तळाशी पेन्सिलीच्या सालांत आणि बोरांच्या बियांत जाऊन बसते. पुढच्या वर्षी डॉक्टर पुन्हा येतात आणि त्याच मुलाला तीच चिठ्ठी पुन्हा मिळते. शाळेच्या अहवालात दोन्ही वर्षी ‘तपासणी पूर्ण’ असं लिहिलेलं असतं. ते खोटंही नसतं.

नाशिकच्या सातपूर या औद्योगिक भागात ही चिठ्ठी कुठे अडते ते कळायला फार लांब जावं लागत नाही. श्रमिकनगर, अशोकनगर, शिवाजीनगर, स्वारबाबानगर, कुठल्याही चाळीत विचारा. वडील सेकंड शिफ्टला, आई पॅकिंगच्या कामाला. पोराला दवाखान्यात न्यायचं तर दोघांपैकी एकाचा खाडा. ठेकेदाराकडे काम असेल तर खाडा म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडाला, आणि वर पुढच्या आठवड्यात बोलावणं येईल की नाही ही धास्ती. पोर जेवतंय, खेळतंय, अंगात ताप नाही. फळ्यावरचं नीट दिसत नाही एवढ्यासाठी रोज कोण बुडवणार? या आईबापांना बेफिकीर म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. चिठ्ठी देऊन हात झटकणाऱ्या व्यवस्थेने त्यांचं घड्याळ कधी पाहिलेलंच नाही.

म्हणून हे लिहिणं मुख्याध्यापकांसाठी, वर्गशिक्षकांसाठी आणि शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांसाठी आहे. डॉक्टर नसलेल्या माणसांनी शाळेत मुलांच्या आरोग्याचं काय करायचं, आणि विशेषतः डॉक्टर गेल्यानंतर काय करायचं, एवढाच विषय.

आधी हाताशी काय आहे ते पाहू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर (एक पुरुष, एक महिला), एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता अशी रचना आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणी. जन्मजात व्यंग, पोषणातली कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतला विलंब किंवा अपंगत्व, या चार गोष्टी पथक शोधतं. काही सापडलं तर मुलाला वर पाठवायचं, जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पुन्हा तपासायचं, गरज पडली तर शस्त्रक्रियेपर्यंत सगळं मोफत, असा मूळ आराखडा. कागदावर तो चांगला आहे, आणि ज्यांच्या पोरांच्या हृदयाचं छिद्र यातून बुजवलं गेलं ते आईबाप तो प्रत्यक्षातही चांगला आहे असंच सांगतील.

शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी आपल्याकडे काही आजची नाही. देशात ती पहिल्यांदा झाली १९०९ साली, बडोदा शहरात. तेव्हा तिथे गादीवर होते सयाजीराव गायकवाड, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, म्हणजे आपल्याच नाशिक जिल्ह्यातले. शंभरावर वर्षं झाली. तपासायला आपण केव्हाच शिकलो.

आता एक अडचण. सातपुरातली बरीच कामगार मंडळी पोटाला चिमटा काढून मुलांना विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घालतात, आणि तिथे हे पथक सहसा येत नाही. अशा शाळांनी तपासणीची व्यवस्था स्वतः करायची असते. पुष्कळ ठिकाणी ती एखाद्या खासगी दवाखान्याच्या ‘मोफत शिबिरा’ने भागवली जाते. शिबिराला माझी हरकत नाही. पण शिबिर झालं आणि चार दिवसांनी पालकांना ‘तुमच्या मुलाचे दात तातडीने दाखवा, खास सवलत’ असे फोन यायला लागले, तर शाळेने पालकांचे मोबाइल नंबर कुणाच्या हवाली केले हे पालकांनी विचारायला हवं. शिबिराला परवानगी देताना दोन अटी लेखी घाला: नंबर मिळणार नाहीत, आणि तपासणीचा कागद शाळेला मिळेल. या दोन अटींवर जो दवाखाना यायला तयार होईल त्याला चहा पाजा.

आता मुख्य गोष्ट, वही. दोनशे पानी साधी वही पुरते. रकाने असे: मुलाचं नाव आणि इयत्ता, काय आढळलं, कुठे पाठवलं, घरी कुणाशी बोलणं झालं, दवाखान्यात कधी गेला, तिथे काय सांगितलं, आता पुढची तारीख कोणती. शेवटचा रकाना रिकामा राहिला की ते मूल अजून वाटेतच आहे असं समजायचं. ही वही एका माणसाकडे हवी. ‘सगळ्या वर्गशिक्षकांनी लक्ष ठेवावे’ असं परिपत्रक काढलं की कुणीच लक्ष ठेवत नाही, हे शाळेत काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे. तुमच्या शाळेत ते झालं असेल तर वही त्यांच्याकडे द्या. नसेल तर ज्या बाईंना मुलांची नावं न बघता येतात त्यांच्याकडे द्या, आणि त्यांच्याकडून एखादं दुसरं काम काढून घ्या. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराचा हिशोब आणि वर ही वही, असं केलंत तर वही कोरीच राहील.

महिन्यातून एकदा मुख्याध्यापकांनी वही उघडून सही करायची. सहीपेक्षा उघडणं महत्त्वाचं.

सातपुरात आणखी एक भानगड असते. भाड्याच्या खोल्या बदलल्या की शाळा बदलते. जूनमध्ये चष्म्यासाठी पाठवलेला मुलगा दिवाळीनंतर अंबडच्या किंवा सिडकोच्या शाळेत असतो आणि त्याची नोंद इथल्या कपाटात. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला देताना त्या मुलाच्या पानाची एक प्रत पालकांच्या हातात द्या. झेरॉक्सला दोन रुपये लागतात.

घरी निरोप कसा द्यायचा यालाही शहाणपण लागतं. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘खालील मुलांचे हिमोग्लोबिन कमी आहे’ म्हणून नावांची यादी टाकू नका. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलीला नवं नाव पडलेलं असतं. फोन करा. पण फर्स्ट शिफ्टवाल्याला सकाळी अकराला फोन केला तर तो मशीनवर असतो, फोन लॉकरमध्ये. प्रवेशाच्या अर्जावरच एक ओळ वाढवा: ‘फोन कोणत्या वेळी करावा?’ शिफ्ट आठवड्याला बदलत असेल तर शेजारच्या काकूंचा, आजीचा नंबरही घ्या. पुष्कळ घरांत खरी सूत्रं आजीकडेच असतात.

आता शनिवार. सातपूर-अंबड भागातल्या बऱ्याच कारखान्यांची आठवड्याची सुट्टी रविवारी नसून शनिवारी असते, आणि शाळा शनिवारी सकाळची. ही जुळणी फुकट मिळालेली आहे, ती वापरा. पालकसभा कामाच्या दिवशी दुपारी ठेवून ‘पालक येतच नाहीत’ म्हणण्यात अर्थ नाही. दोन महिन्यांतला एक शनिवार दवाखान्याचा म्हणून आधीच जाहीर करा. वहीतली आठ-दहा मुलं, प्रत्येकाचा घरचा एक माणूस, शाळेतले एक शिक्षक किंवा समितीतला एक पालक, असे मिळून एका वेळी जा. त्या शनिवारी बाह्यरुग्ण विभाग किती वाजेपर्यंत चालतो आणि डोळ्यांचे, कानाचे डॉक्टर बसतात का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. ज्याच्या घरचं कुणीच येऊ शकत नाही त्याची लेखी संमती घ्या. एकटीदुकटी आई मोठ्या रुग्णालयाच्या रांगेत बावरते आणि ‘उद्या या’ म्हटलं की परत येते. दहाजण मिळून गेले की ‘उद्या या’ म्हणणं जरा जड जातं.

जायचं कुठे? किरकोळ गोष्टींना महापालिकेचा जवळचा दवाखाना. कान, डोळे, हृदय अशा गोष्टींना त्र्यंबक नाक्याजवळचं जिल्हा रुग्णालय. पण सातपुरात तिसरी एक वाट आहे आणि ती हाताशी असून लोक विसरतात: राज्य कामगार विमा योजना, आपल्या भाषेत ईएसआय. योजनेचं रुग्णालय सातपुरातच आहे. महिन्याचा पगार २१ हजार रुपयांपर्यंत असलेला कामगार यात येतो. त्याच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते. कंत्राटी कामगारही यात येतो, आणि इथेच गोम आहे. पगाराच्या पावतीवर ईएसआय म्हणून कपात दिसते, पण विमा क्रमांक ठेकेदाराच्या फाइलमध्ये, आणि त्यात बायकोमुलांची नावं घातलेलीच नाहीत. मूल आजारी पडल्यावर हे कळून उपयोग नाही. म्हणून पहिल्या पालकसभेत फळ्यावर एवढंच लिहा: ‘पगाराची पावती पाहा. कपात होत असेल तर विमा क्रमांक मागा. मुलांची नावं घातली आहेत का ते तपासा.’ या तीन ओळींनी जेवढी मुलं दवाखान्यात पोचतील तेवढी पाच भाषणांनी पोचणार नाहीत.

याच योजनेतली एक खोच सांगून ठेवतो. कामगार स्वतः आजारी पडला तर त्याला पगाराच्या ७० टक्के दराने आजारपणाचा लाभ मिळतो, त्यालाही वर्गणीच्या दिवसांच्या अटी आहेत. मूल आजारी असेल तर उपचार मोफत, पण आईबापाचा खाडा तो खाडाच. शनिवारवर मी एवढा का अडून बसलोय ते यावरून ध्यानात येईल.

मोठ्या खर्चाचं दुखणं निघालं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. आयुष्मान भारतशी जोडल्यावर तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. योजनेत असलेल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो, आधी त्याला गाठायचं. रेशनकार्ड आणि मुलाचं आधार बरोबर हवं. शाळेत अपघात झाला तर पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. तिचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, म्हणून पोलिसांचा आणि रुग्णालयाचा प्रत्येक कागद जपून ठेवा.

आता शाळेत शिक्षकांना स्वतः काय करता येतं ते बघू. सगळ्यात जास्त पदरात पडतं ते डोळ्यांच्या तपासणीतून, आणि तिला डॉक्टर लागत नाही. डोळ्यांचा तक्ता भिंतीवर मुलाच्या नजरेच्या उंचीला लावा. जमिनीवर बरोबर सहा मीटरवर खडूने रेघ ओढा. पावलं मोजून नको, टेपने मोजा. उजेड तक्त्यावर पडायला हवा, मुलाच्या डोळ्यांवर नको. एक डोळा तळहाताने झाकायचा, दाबायचा नाही, कारण दाबलेला डोळा उघडल्यावर काही वेळ धूसर दिसतं आणि मग तोही नापास होतो. लहान मुलांना अक्षरांऐवजी वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या ‘ई’चा तक्ता द्या आणि बोटांनी दिशा दाखवायला सांगा. आणि एकेका मुलाला आत बोलवा. रांगेत मागे उभी असलेली पोरं तक्ता पाठ करतात. तेवढी हुशारी सगळ्यांच्यात असते.

तक्त्यापर्यंत जायच्या आधीच शहाण्या शिक्षकाला अंदाज आलेला असतो. फळ्यावरचं न बघता शेजारच्याच्या वहीतून उतरवणारा, डोळे बारीक करणारा, मान वाकडी करून वाचणारा, चेंडू झेलताना नेहमी चुकणारा. कानाचंही तसंच. एका बाजूने हाक मारली की वळतो आणि दुसऱ्या बाजूने मारली की वळत नाही, तो उर्मट नसतो. त्याचा कान वाहत असतो, आणि घरी त्यात कोमट तेल घातलं जात असतं. वाहत्या कानात तेल घालू नये, हे पालकसभेत दरवर्षी सांगावं लागेल. सांगत राहा.

चष्मा मिळाल्यावर काम संपत नाही. सरकारी कार्यक्रमातून मुलांना चष्मे मोफत मिळतात, पण ‘ए चष्मिस’ म्हटलं गेलं की तो चष्मा कंपासपेटीत जातो. वर्गशिक्षकांनी स्वतःचा चष्मा पुसत पुसत सहज त्याच्या फ्रेमची चौकशी केली तर काम होतं. वहीत ‘चष्मा मिळाला’च्या पुढे ‘लावतो का?’ हा रकाना ठेवा.

दुसरी मोठी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींचं हिमोग्लोबिन कमी आढळलं होतं. त्यावर शाळेत आठवड्याला एक लोहाची गोळी असते: पाच ते नऊ वयाला गुलाबी, दहा ते एकोणीस वयाला निळी. गोळ्यांची अडचण पुरवठ्याइतकीच भीतीचीही आहे. मळमळलं, शौचाला काळं झालं, की घरून फर्मान सुटतं, ‘ती सरकारी गोळी खायची नाही.’ शौचाचा काळा रंग लोहामुळेच येतो आणि त्यात काही बिघडत नाही, हे गोळी देण्याआधी सांगा. नंतर सांगितलेलं सारवासारव वाटतं. गोळी मधल्या सुट्टीतल्या जेवणानंतर, पाण्याबरोबर, शिक्षकांसमोर घ्यायची. उपाशीपोटी नाही. लगेच चहा नाही, चहाने लोह अंगी लागत नाही. एखादा आठवडा चुकला तर पुढच्या वेळी दोन नाहीत, एकच. ज्या मुलीला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल आहे तिला डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही. आणि शक्य तर त्या दिवशी बाईंनी पोरींसमोर आधी स्वतः जेवून घ्यावं. उपास करणाऱ्या बाईंनी ‘उपाशीपोटी राहू नका’ म्हटलेलं पोरी ऐकत नाहीत.

जंताची गोळी वेगळी. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायची, गिळायची नाही. त्या दिवशी आजारी असलेल्या मुलाला नंतरच्या ठरलेल्या दिवशी द्यायची. पण नळाला पाणी नाही आणि स्वच्छतागृहात साबण नाही, अशा शाळेत ही गोळी दर सहा महिन्यांनी तोच जंत मारत बसते.

सिकलसेलचं नाव घेतलं ते उगाच नाही. पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबक भागातून कामाला आलेली अनेक आदिवासी कुटुंबं या बाजूला राहतात, आणि हा आनुवंशिक आजार आदिवासी समाजांत जास्त दिसतो. अशा मुलाला पाणी वारंवार प्यावं लागतं, म्हणून लघवीलाही जावं लागतं. थंडीत, उन्हात, फार दमल्यावर हातपाय असह्य दुखतात. पीटीच्या तासाला ‘नाटकं करतो’ म्हणून त्याला मैदानाला दोन फेऱ्या जास्त मारायला लावणं हा गुन्हाच म्हणायला हवा. वारंवार अंगदुखी, डोळे पिवळट, रक्त कमी, असं एकत्र दिसलं तर सरकारी रुग्णालयात त्याची तपासणी करून घ्या.

अशा मुलांची एक छोटी यादी वर्गशिक्षकांकडे असावी. दमा असलेला, फिट येणारा, सिकलसेलचा, इन्सुलिन घेणारा. शाळा लपवते, पालकही लपवतात, ‘मुलीच्या लग्नाला अडेल’ म्हणून फिटचा आजार सांगत नाहीत. तो विश्वास शाळेने कमवायचा असतो. यादी कपाटात कुलपात ठेवायची आणि शिक्षकांच्या खोलीत त्यावर गप्पा मारायच्या नाहीत. दम्याच्या मुलाचा पंप त्याच्याजवळ किंवा वर्गातच हवा. तो ऑफिसच्या कपाटात, आणि किल्ली शिपाईमामांकडे, आणि शिपाईमामा बँकेत, असं होता कामा नये. साखरेचा आजार असलेल्या मुलाला तासाला मध्येच खाऊ द्या. त्याला दरदरून घाम आला, हात कापायला लागले, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर शुद्धीवर असेपर्यंत तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या आणि मग घरी फोन करा. आधी फोन आणि मग साखर, असं नको. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, थेट १०८ ची रुग्णवाहिका.

फिट आली की आपल्याकडे कांदा आणि चप्पल दोन्ही धावत येतात. दोन्ही ठेवून द्या. दातांत चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूची बाकं सरकवा, डोक्याखाली दप्तर द्या, एका कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८. बहुतेक फिट त्याआधीच थांबतात. शुद्धीवर आल्यावर चाळीस पोरं भोवती उभी नसतील एवढं पाहा.

घोळणा फुटला तर डोकं मागे करून झोपवू नका, रक्त घशात जातं. बसवून, पुढे वाकवून, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा. भाजलं तर वीस मिनिटं नळाचं पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. खेळताना पक्का दात मुळासकट पडला तर तो फेकू नका. वरच्या पांढऱ्या बाजूने धरा, घासू नका, कपभर दुधात टाका आणि तासाभरात दंतवैद्याकडे पोचा. तो पुन्हा बसण्याची शक्यता असते. डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी किंवा विसंगत बोलणं दिसलं तर ‘थोडा वेळ पडून राहू दे’ हा सल्ला कुणाचाही ऐकू नका.

प्रथमोपचाराची पेटी बहुतेक शाळांत असते आणि तिला कुलूप असतं. कुलूप काढा. आत कापूस, जाळीची पट्टी, बँडेज, साबण, हातमोजे, कात्री, थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, ग्लुकोज, टॉर्च आणि सॅनिटरी पॅड. तापाची गोळी द्यायची तर पालकांची लेखी संमती प्रवेशाच्या वेळीच घेऊन ठेवा, आणि अॅस्पिरिन पेटीत ठेवूच नका. पॅडसाठी पोरींना पुरुष शिक्षकांकडे किल्ली मागावी लागत असेल तर ते पॅड असून नसल्यासारखेच.

फाटकाबाहेरचंही आरोग्यातच मोजा. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी आहे, आणि महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून. टपरी तरीही असते. पुडी बापाच्या खिशातूनच पोराच्या हातात जाते, हे कामगार वस्तीतल्या शिक्षकांना सांगायला नको. पण सातवी-आठवीतल्या मुलाचं तोंड कमी उघडतंय, तिखट लागलं की झोंबतंय, असं दिसलं तर ती चिठ्ठीही वहीत चढली पाहिजे. टपरीबद्दल समितीच्या ठरावासह पोलीस ठाण्याला आणि महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला पत्र द्या. ठरावावर पालकांच्या सह्या असल्या की तोंडी तक्रारीसारखं ते विरून जात नाही.

मुलांच्या अंगाची तपासणी करताना मुलींपाशी महिला डॉक्टर किंवा बाई असायलाच हव्यात, आणि आडोसा हवा. वर्गाच्या दारात शर्ट वर करून छाती तपासणं बंद करा. तपासणीत वळ, भाजल्याचे डाग, न सांगता येणारी भीती दिसली तर चाइल्डलाइनचा १०९८ आहे, आणि लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं सक्तीचं आहे. शाळेची बदनामी हे त्यातून सुटायचं कारण नाही. मन मिटलेल्या, झोप उडालेल्या, दहावीच्या वर्षात अचानक गप्प झालेल्या मुलांसाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, मराठीतून बोलता येतं. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ असतं. हे क्रमांक ऑफिसात लावण्यापेक्षा स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, तिथे ते एकट्याने वाचता येतात.

शेवटी पैशाचं. भोवती एवढी एमआयडीसी आहे, तर मदत मागायला लाजू नका. कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि आरोग्य-शिक्षण त्या यादीत आहे. दरवर्षी वह्या आणि दप्तरं वाटली जातात, फोटो निघतात. यंदा कंपनीच्या माणसाला किंवा ‘निमा’ या उद्योजकांच्या संघटनेच्या कार्यालयात जाऊन सांगा की दप्तरं पुरे झाली, आम्हाला हात धुवायला आठ नळ, एक चांगला वजनकाटा आणि उंचीपट्टी, आणि दोन महिन्यांतून एका शनिवारी दवाखान्यात जायला कंपनीची बस द्या. शनिवारच्या सुट्टीत ती बस उभीच असते.

पुढच्या पालकसभेत एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षी किती मुलांना चिठ्ठ्या दिल्या, आणि त्यांतली किती दवाखान्यापर्यंत पोचली? उत्तर आकड्यांत मागा. आणि तोवर आज रात्री पोराचं दप्तर एकदा तळापर्यंत रिकामं करून बघा.